सीप्लेनमध्ये बसल्याबसल्या लाइफ जॅकेट फुगवू नका, तो मेसेज डिलीट करा

काल फॅमिली ग्रुपवर "सीप्लेनचे चार नियम, जीव वाचवतील" असा मेसेज आला आणि मावशीने तो लगेच सेव्ह केला, कारण पुढच्या महिन्यात ती लेकीकडे व्हँकूव्हरला चाललीय आणि तिथून व्हिक्टोरियाला सीप्लेनने, म्हणजे पाण्यावरून उडणाऱ्या-उतरणाऱ्या छोट्या विमानानेच जायचं ठरलंय. म्हणून लिहितोय.

सगळ्यात घातक नियम तिसरा: "सीटवर बसल्याबरोबर जॅकेट फुगवून ठेवा." अजिबात नाही! टेकऑफ घेताना असलं छोटं विमान पाण्यात आपटलं की बऱ्याचदा उलटं होतं, केबिन पाण्याखाली जाते, आणि बाहेर पडायला आधी दारापर्यंत खाली बुडी मारावी लागते. फुगलेलं जॅकेट तुम्हाला नेमकं उलट, वर दाबून धरतं. 1996 मध्ये इथिओपियन एअरलाइन्सचं हायजॅक झालेलं विमान कोमोरोसजवळ समुद्रात पडलं, तेव्हा आतच जॅकेट फुगवलेले बरेच जण असेच अडकून गेले. ते मोठं जेट होतं, पण पाणी तेच.

आणि मावशी जातेय त्याच भागातली गोष्ट सांगतो. सॅटर्ना बेटावरचं लायल हार्बर, 29 नोव्हेंबर 2009. बीव्हर नावाचं छोटं सीप्लेन पाण्यावरून उठलं आणि लगेचच कोसळलं. आठ जणांपैकी सहा गेले, त्यात एक तान्हं बाळ. कॅनडाच्या ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्डाचा रिपोर्ट वाचा: चारपैकी दोन दारं जाम झाली, माणसं आत बुडाली. त्यानंतर बोर्डाने मागितलं काय, तर ढकलून निघणाऱ्या खिडक्या आणि अंगावर घातलेलं जॅकेट. अंगावर, पण न फुगवलेलं! 2019 मध्ये छोट्या सीप्लेनसाठी जॅकेट घालायचा नियमही निघाला.

आता मेसेजमधले बाकीचे नियम. "फ्लोट (चाकांच्या जागी लावलेले पोकळ तराफे) असल्यामुळे विमान बुडत नाही" हे अर्धं खरं, मान्य. फ्लोट शाबूत राहिले तर तरंगतं, पण उलटं, आणि तुम्ही खालच्या बाजूला. "पाणी मऊ असतं" यावर तर काय बोलायचं, विहिरीत पोटावर पडलेल्या कुणालाही विचारा. "आपटताक्षणी बेल्ट सोडा" हेही चूक. गडबड थांबेपर्यंत बेल्ट लावलेलाच ठेवायचा, एका हाताने दार किंवा खिडकीची कड पकडायची आणि मगच सोडायचा, नाहीतर उलट्या अंधारात वर कुठे नि खाली कुठे तेच कळत नाही.

मावशी, कमरेला जॅकेटचा पाऊच बांधतील, तो तसाच राहू दे, जॅकेट फुगवायची दोरी तू विमानाबाहेर पडल्यावरच ओढ. आणि बसल्यावर दाराचं हँडल कुठल्या बाजूला फिरतं ते पायलटला विचारून घे.