मिट, इव्हेंट-टार्गेट आणि न निघालेले हँडलर

नमस्कार. मिटवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे मुद्दे दोन. ब्राउझरमध्ये इव्हेंट-टार्गेट ही इव्हेंट पाठवण्या-ऐकण्याची सोय आधीच असताना त्याच कामाची ‘मिट’ ही छोटी जावास्क्रिप्ट लायब्ररी घ्यायचीच कशाला, हा एक. दुसरा असा की ‘मिट लावा आणि विसरून जा’ हे माझं वाक्य वाचून तुमच्या टीमने ते लावलं आणि पानं बदलता बदलता टॅबची मेमरी फुगत गेली. दुसरा आधी घेतो, कारण तिथे चूक माझी आहे. ते वाक्य मी लेखातून काढलंय.

मिटमध्ये ऑन हँडलर (इव्हेंट आला की चालणारं फंक्शन) जोडतं आणि ऑफ तो काढतं. तुम्ही दिलेल्या कोडमध्ये ऑनला एक ॲरो फंक्शन दिलंय आणि ऑफला हुबेहूब तसंच दुसरं. दिसायला सारखी, पण जावास्क्रिप्टच्या लेखी ती दोन वेगळी फंक्शन्स. मिट हँडलरच्या यादीत शोधतं, सापडत नाही, जागा शोधणाऱ्या इंडेक्सऑफकडून उणे १ येतो. तो तसाच यादीतून काढणाऱ्या स्प्लाइसला दिला तर यादीतला शेवटचा, म्हणजे भलत्याचाच हँडलर उडेल. म्हणून मिटमध्ये त्याला ‘>>> ०’ लावलंय. त्याने आकडा उणे न राहता ३२ बिटांचा धन आकडा होतो: उणे १ चे होतात ४२९४९६७२९५, तिथे काही नसतंच, त्यामुळे काहीच निघत नाही. दुसऱ्याचा हँडलर वाचला हे उत्तम, पण तुमचाही तसाच राहिला, आणि कन्सोलवर एक अक्षर नाही. त्या हँडलरने धरून ठेवलेला अख्खा कॉम्पोनंट (पानाचा तो भाग) मग मेमरीतून जातच नाही.

मला याच्या उलटा फटका बसलाय. व्ह्यू या फ्रेमवर्कच्या आवृत्ती ३ मध्ये कॉम्पोनंटच्या इन्स्टन्सवरचे ऑन-ऑफ गेले, तेव्हा आम्ही मिटवर आलो. वस्तूचं पान बंद केलं की हेडरमधला कार्टचा आकडा गोठायचा. अर्धा दिवस हेडरच तपासत बसलो. हेडर ठीकच होता. वस्तूच्या पानात ऑफला दिलेल्या प्रॉपर्टीचं नाव चुकलं होतं, म्हणजे प्रत्यक्षात अनडिफाइंड जात होतं. आणि मिट ३ मध्ये हँडलर न देता ऑफ म्हटलं की त्या इव्हेंटचे सगळेच हँडलर जातात, हेडरचासुद्धा.

आता इव्हेंट-टार्गेट. तिथे हँडलरला लिसनर म्हणतात, आणि चुकीचं फंक्शन दिलं तर तो काढणारा रिमूव्ह-इव्हेंट-लिसनरही असाच गप्प बसतो, तेव्हा नुसतं तिकडे जाऊन तुमची गळती थांबली नसती. थांबली असती ती सिग्नलने. ॲबॉर्ट-कंट्रोलरचा सिग्नल प्रत्येक लिसनरला द्यायचा, पान जाताना एकदा ॲबॉर्ट, सगळे लिसनर गेले. हे मिटमध्ये नाही आणि ते मला खरंच हवंय. शिवाय एका लिसनरमध्ये एरर आली तरी इव्हेंट-टार्गेट पुढच्यांना बोलावतं. मिटमध्ये पुढचे तसेच राहतात. इथे तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

तरीही टाइपस्क्रिप्टच्या (डेटाचे प्रकार तपासणाऱ्या जावास्क्रिप्टच्या) प्रोजेक्टमध्ये मी मिट सोडणार नाही. इव्हेंटचं नाव आणि त्याचा डेटा एकदा लिहिला की चुकीचं एमिट (इव्हेंट पाठवणं) एडिटरमध्येच लाल होतं. इव्हेंट-टार्गेटवर कस्टम-इव्हेंटच्या डिटेलसाठी, म्हणजे सोबतच्या डेटासाठी, हेच हाताने रचत बसावं लागतं. मात्र ऑन आता मी थेट वापरत नाही. ‘ऑन करा आणि ऑफ करणारं फंक्शन परत द्या’ असं तीन ओळींचं फंक्शन मध्ये ठेवलंय, नॅनोइव्हेंट्स या दुसऱ्या लायब्ररीत ऑन देतं तसंच. जे परत आलं तेच अनमाउंटमध्ये, म्हणजे कॉम्पोनंट जाताना, बोलवायचं. हँडलरचं नाव दुसऱ्यांदा लिहायची वेळच येत नाही.

तुमच्याकडे एक करून बघा. मिटचा ‘ऑल’ हा साधा मॅप आहे: इव्हेंटचं नाव आणि त्याच्या हँडलरची यादी. त्यातून त्या इव्हेंटची यादी काढा, पान दहा वेळा उघड-बंद करा आणि लांबी मोजा. दहाने वाढली असेल तर वर सांगितलेलंच कारण. वाढली नसेल तर गळती दुसरीकडे आहे; तो कोडही पाठवा, मी बघतो.