थोरोंग-ला आणि फॉरवर्डमधली रम

भाचा जानेवारीत नेपाळमधल्या अन्नपूर्णा सर्किटच्या ट्रेकला निघालाय. ताईने कौतुकाने त्याला आणि मला 'हिवाळी ट्रेकसाठी अनुभवी टिप्स' हा मेसेज पाठवला, खाली 'जपून ठेव रे'. कोणाचा अनुभव, ते कुठेच नाही. तोच मेसेज आणखी दोन ग्रुपवर दिसला, तेव्हा म्हटलं आता लिहायलाच हवं.

'पोखऱ्याला जानेवारीत सात-आठ अंश, म्हणजे पुण्यापेक्षा जरा जास्त थंडी. एक चांगलं जॅकेट पुरे.' अहो, पोखरा हे पायथ्याचं शहर जेमतेम 800 मीटरवर आणि ट्रेकमध्ये ओलांडायची थोरोंग-लाची खिंड 5416 मीटरवर! दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश उतरतात. करा हिशोब. पहाटे खिंडीत उणे वीसच्या आसपास, आणि ताशी 40 किलोमीटरचा वारा सुटला की उघड्या कातडीला तेच उणे 34 इतकं झोंबतं.

आता ज्याने माझं डोकं फिरलं तो मुद्दा. 'हातपाय बधिर झाले तर बर्फाने खसाखसा चोळा आणि दोन घोट रम घ्या, रक्त खेळतं राहतं.' रमने ऊब वाटते, कारण आतलं गरम रक्त कातडीकडे धावतं आणि तिथून उष्णता बाहेर पडते. म्हणजे तिजोरी फोडून अंगणात पैसे उधळायचे. वर कुडकुडणं मंदावतं आणि परत फिरायची अक्कलही जाते. बर्फाने चोळणं तर त्याहून वाईट. गोठलेल्या बोटात बर्फाचे कण झालेले असतात. चोळलं की आतलं मांस फाटतं. ही अंधश्रद्धा 1812 मध्ये नेपोलियनच्या फौजेबरोबर रशियातून परतलेल्या लारे या सर्जनमुळे पसरली. त्याचं निरीक्षण मात्र अर्धं खरं होतं, तेवढं मान्य करतो: शेकोटीवर शेकलेले पाय दुसऱ्या दिवशीच्या चालीत पुन्हा गोठत आणि कायमचे जात.

वाइल्डरनेस मेडिकल सोसायटी या डोंगर-रानातल्या उपचारांवर काम करणाऱ्या संस्थेच्या सूचना स्पष्ट आहेत. चोळायचं नाही, शेकायचं नाही. 37 ते 39 अंशांच्या पाण्यात बुडवायचं, तेही पुन्हा गोठणार नाही याची खात्री असेल तरच. नसेल तर गोठलेल्या पायाने खाली उतरणं परवडलं. नुसती बधिरता असेल तर ओले हातमोजे काढा, हात काखेत घाला आणि बोटांत जीव आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

'पावसाळा संपला की हिमालयातली हवा भरवशाची.' ऑक्टोबर 2014 विसरलात? हुदहुद वादळ 12 तारखेला विशाखापट्टणमला धडकलं आणि 14 तारखेला त्याच्या उरलेल्या ढगांनी अन्नपूर्णा-धौलागिरी भागात बर्फ ओतला. किमान 43 माणसं गेली, ऐन सीझनमध्ये. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात असतातच. 17 जानेवारी 2020 ला अन्नपूर्णा बेस कॅम्पच्या वाटेवर हिमकडा कोसळला; चार कोरियन आणि तीन नेपाळी दगावले.

'कापूर हुंगला की ऑक्सिजन वाढतो.' नाही वाढत. नाकाला गार लागतं म्हणून मोकळं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन आहे तिथेच राहतो. डोकं दुखत असेल, उलटी होत असेल तर वर चढू नका. कापूर देवघरात बरा.

'हिवाळ्यात आकाश स्वच्छ, गर्दी नाही.' हे बाकी खरं. पण गर्दी नसते म्हणूनच वरचे बरेच लॉजही बंद असतात, आणि खिंडीआधीच्या मनांग गावातली हिमालयन रेस्क्यू असोसिएशनची वैद्यकीय मदत चौकी वसंत आणि शरद या दोन सीझनपुरतीच चालते. म्हणून मनांगलाच विचारायचं: खिंडीखालचे फेदी आणि हाय कॅम्प हे मुक्काम उघडे आहेत का, खिंड या आठवड्यात कोणी ओलांडली का. उत्तर 'नाही' आलं तर तिथूनच परत.