खरेदीला हेड आहे, चालवायला नाही

विद्यापीठ किंवा मोठं कॉलेज किती 'हरित' आहे हे पाहायचं असेल तर दुपारी अडीचच्या सुमारास वसतिगृहाच्या मेसमागे जाऊन उभं राहावं. दोन-तीन निळी पिंपं असतात. त्यात भात, आमटी, अर्ध्या पोळ्या, कांद्याची सालं, चहाचा चोथा, कागदी कप आणि श्रीखंडाच्या वाट्या असं सगळं एकत्र. शेजारी पत्र्याची शेड, तिला कुलूप. कुलपाआड ओल्या कचऱ्यावर प्रक्रिया करणारं लाखो रुपयांचं यंत्र आणि भिंतीवर उद्घाटनाची संगमरवरी पाटी. पाटी तेवढी स्वच्छ असते, कारण दरवर्षी पाच जूनला, पर्यावरण दिनी, ती पुसली जाते.

अशी शेड दिसली की लोक 'मानसिकता नाही हो आपल्याकडे' म्हणून मोकळे होतात. मला हे पटत नाही. बहुतेक ठिकाणी कारण हिशेबाच्या वहीत सापडतं. यंत्र घ्यायला अनुदान मिळतं, निविदा निघते, बिल पास होतं. ते रोज चालवायला जे दोन मदतनीस, पाती, बेल्ट, वीज, हातमोजे आणि भुसा लागतो, त्यासाठी अर्थसंकल्पात वेगळं लेखाशीर्षच, म्हणजे 'हेड'च, नसतं. मग काम बागेच्या माळ्यावर ढकललं जातं. माळी आठवडाभर करतो, नंतर पाहुणे येणार म्हणून लॉन कापायला जातो, आणि शेडला कुलूप लागतं.

नियमांच्या बाजूने संदिग्धता नाही. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत दिवसाला सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या संस्था मोठ्या कचरा उत्पादकांत धरल्या, आणि विद्यापीठं, कॉलेजं, वसतिगृहं त्यात नावानिशी घेतली. हजार मुलांची मेस एवढा ओला कचरा एकटीच सहज करते.

यंत्राचं कोटेशन मागवण्याआधी एक तराजू घ्या. शंभर किलोचा साधा प्लॅटफॉर्म काटा पुरतो. मेसमध्ये तीन वेगळी पिंपं ठेवा: निवडताना निघालेली देठं-सालं, शिजवून न वाढलेलं अन्न, आणि ताटातलं उष्टं. रोज दोन्ही जेवणांनंतर तिन्ही मोजून कागदावर लिहा, निदान दोन आठवडे, आणि त्यात एक रविवार आणि एक सणाचा दिवस येऊ द्या. तीन पिंपं वेगळी हवीत, कारण तिन्हींची दुखणी वेगळी. न वाढलेलं उरतं तेव्हा चूक डोकी मोजण्यात असते. शुक्रवारी संध्याकाळी निम्मी मुलं गावी जातात आणि स्वयंपाक पूर्ण पटाचा होतो. जेवण बंद ठेवण्याची सूचना एक दिवस आधी दिली तर तेवढे पैसे वजा होतात, एवढी सोय केली तरी हे पिंप हलकं होतं. ताटात उरतं तेव्हा वाढप पाहा: भाताचा डाव केवढा आहे, पोळ्या एकदम लाटून गार होतात का, भाजी पुन्हा मिळण्याची खात्री आहे का. खात्री नसली की मुलं पहिल्यांदाच डोंगर घेतात. 'अन्न हे पूर्णब्रह्म' लिहिलेल्या फलकाने यातलं काही बदलत नाही. लहान डाव आणि दोन टप्प्यांत केलेल्या पोळ्या बदलतात.

उरलेल्याचं काय करायचं, तर पहिलं उत्तर सहसा बायोगॅस. उत्तर चांगलं आहे आणि आपल्याकडे त्याची परंपराही आहे: भाभा अणुसंशोधन केंद्राचा निसर्गऋण प्रकल्प, पुण्यातल्या आरती संस्थेचा घरगुती संच. फक्त आकडे आधी समजून घ्या. १०० किलो शिजवलेल्या अन्नातून, संयंत्र नीट चालत असेल तर, आठ ते दहा घनमीटर गॅस धरावा. एक घनमीटर म्हणजे साधारण ४०० ते ४५० ग्रॅम एलपीजी. म्हणजे १९ किलोचा एक व्यावसायिक सिलिंडर चार-पाच दिवसांनी वाचतो. वाईट नाही, पण 'मेस गॅसमुक्त झाली' असं सांगणारा माणूस एक तर विक्रेता असतो, नाहीतर भाषण करत असतो.

बायोगॅस बंद पडतो तो बहुतेक वेळा सुट्टीने. टाकीतले जिवाणू म्हणजे जितीजागती गुरं. मे महिन्यात वसतिगृह रिकामं होतं, सहा आठवडे त्यांना दाणा नाही. जूनमध्ये मुलं आली की पहिल्याच दिवशी पूर्ण १०० किलो आत. भात-पोळीतला पिष्टमय भाग झपाट्याने आम्ल होतो, मिथेन करणारे जिवाणू हळू वाढतात, त्यांना ते झेपत नाही. सामू (पीएच) ६.५ च्या खाली जातो, आंबूस वास येतो, गॅस येतो पण पेटत नाही, कारण त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त. मग घाबरून आणखी अन्न टाकलं जातं. करायचं उलट: भरणं थांबवायचं, थोडी चुन्याची निवळी आणि ताजा शेणकाला घालून सामू सातच्या आसपास आणायचा, मग पाव भरणीपासून सुरू करून दर आठवड्याला पाव-पाव वाढवायची. सुट्टीतही आठवड्यातून दोनदा पाटीभर शेण घालत राहिलं तर एवढी वेळ येत नाही. लिंबाच्या फोडी, अंड्याची टरफलं, हाडं, कांद्याची सालं आणि नारळाची शेंडी आत जाता कामा नये. नळीत साचणारं पाणी काढायला सर्वांत खालच्या जागी कॉक हवा, आणि गंधकाचा वायू अडवायला लोखंडी किसाचा डबा. तो नसला की बर्नर वर्षभरात गंजतो आणि आचारी म्हणतो, आमचा सिलिंडरच बरा.

आता '२४ तासांत खत' देणारं यंत्र. हे विकत घेणाऱ्या प्रत्येक समितीने एक गुणाकार करावा. १०० किलो मेसच्या कचऱ्यात सुमारे ७५ लिटर पाणी असतं. एक लिटर पाण्याची वाफ करायला, हीटर कितीही चांगला असला तरी, ०.६३ युनिटपेक्षा कमी वीज लागत नाही. हीटरने बहुतेक पाणी उडवायचं तर दिवसाला चाळीसच्या वर युनिटं. छतावर सोलर बसवून ती वीज भात वाळवायला वापरायची, असा हा प्रकार. आणि जे बाहेर पडतं ते वाळलेलं अन्न असतं, खत नव्हे. तपासणी सोपी आहे: मूठभर 'खत' ओलं करून बंद पिशवीत तीन दिवस ठेवा. उघडल्यावर आंबलेला वास आला तर कुजणं अजून सुरूच व्हायचंय. तेच झाडाच्या बुंध्याशी घातलं तर तिथे तापतं आणि मुळं भाजतात. मग माळी सांगतो, या खताने झाडं मरतात, आणि तो खरं सांगत असतो.

माझं मत सांगायचं तर आपल्या हवामानात आणि आवारात सर्वांत भरवशाची पद्धत पालापाचोळ्याची आहे. आवारांकडे जागा आहे आणि झाडं आहेत. पुणे विद्यापीठाचाच परिसर चारशे एकरांवर आहे. मेसच्या कचऱ्यात नत्र आणि पाणी जास्त, पाल्यात कर्ब जास्त आणि पाणी नाही. दोन्ही वेगवेगळे ठेवले तर एक सडतो आणि दुसरा जळतो. जळतो म्हणजे खरोखरच जाळला जातो, फेब्रुवारीत, सकाळी साडेसहाला, कोणी यायच्या आत. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्याला ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५ हजार रुपये दंड सांगितला. झाडणाऱ्या बाईंना दंड करून काही होणार नाही. तिला ढीग कुठे टाकायचा ती जागा दाखवली आहे का, हे आधी विचारा.

प्रमाण असं: ओल्याचं एक पिंप, दळलेल्या पाल्याची दोन पिंपं. वजनात १०० किलोला साधारण ५० किलो पाला. उष्टं आधी भोकाच्या क्रेटमध्ये अर्धा तास निथळू द्या, नाहीतर आमटीच सगळं बिघडवते. विटांचे किंवा जाळीचे कप्पे करा, साडेसहा फूट लांब, पाच फूट रुंद, चार फूट उंच. आठवड्याला एक कप्पा, असे आठ-नऊ. तळाशी काटक्या, मग थर, आणि सर्वांत वर नेहमी पाला, म्हणजे माश्या, कावळे, कुत्री येत नाहीत. पहिल्यांदा जुन्या खताची दोन घमेली विरजण म्हणून घाला, विकतचं 'कल्चर' लागत नाही. तीन-चार दिवसांत आतलं तापमान ५५ ते ६५ अंशांवर जायला हवं. लोखंडी सळई खुपसून दहा मिनिटांनी काढा, हाताला धरवली नाही तर ठीक चाललंय. गार राहिला तर ढीग फार ओला, फार कोरडा किंवा फार लहान आहे. मूठभर घेऊन घट्ट दाबा: थेंब-दोन थेंब यावेत. धार लागली तर पाला घाला, भुगा झाला तर पाणी मारा. अमोनियाचा वास म्हणजे पाला कमी, कुजका वास म्हणजे हवा कमी. आठवड्यातून एकदा दाताळ्याने खालवर करा. दोन महिन्यांनी चाळून, महिनाभर मुरू द्या.

यातली खरी अडचण कॅलेंडरची आहे. पाला पडतो जानेवारी ते एप्रिल, मेस सुट्ट्या सोडून वर्षभर चालते, आणि पाला सर्वांत जास्त लागतो तो पावसाळ्यात, जेव्हा एक पानही कोरडं मिळत नाही. वर्षाचे २७० दिवस मेस धरली तर १०० किलोमागे तेरा-चौदा टन पाला साठवावा लागतो. सुटा पाला जागा फार खातो, म्हणून गोळा होईल तसा दळून पोत्यांत, छपराखाली. दळणयंत्राची पाती मोडतात ती पाल्यात आलेल्या खड्यांनी, आणि अडकतात प्लॅस्टिकच्या सुतळीने. त्यामुळे पाला रस्त्यावरचा वेगळा, मातीतला वेगळा, आणि दळण्याआधी दाताळ्यावर झटकून. गुलमोहर, वर्षावृक्ष यांची बारीक पानं न दळताच चालतात. वड, पिंपळ, साग दळावेच लागतात. निलगिरी वेगळी ठेवा, ती फार हळू कुजते.

जाता जाता नाडेपबद्दल. पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांच्या नावाची ही पद्धत अनेक कॉलेजांत 'आहे', म्हणजे दहा बाय सहा बाय तीन फुटांचा, भोकांच्या विटांचा हौद आहे. तो एक-दोन दिवसांत पूर्ण भरून शेणमातीने लिंपायचा असतो आणि तीन-चार महिने सोडायचा असतो. आपण त्यात रोज एक घमेलं टाकतो, तो कधी भरत नाही, कधी लिंपला जात नाही. पद्धत वाया गेली म्हणतात. फेब्रुवारीतल्या पाल्यासाठी तो अजूनही उत्तम आहे, मेसच्या उष्ट्यासाठी तो बनवलेलाच नाही. गांडूळखताचंही तेच: मीठ, तेल आणि चाळीस अंशांचा उन्हाळा गांडुळांना सोसत नाही.

वृक्षारोपणावर मी फार लिहिणार नाही. दरवर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप लागतं हे सगळ्यांना माहीत आहे. पाण्यावर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने आवारातली तळी आणि विहिरी सांभाळून काम केलंय, ते जाऊन पाहावं. सोलरचा एकच प्रश्न: पॅनेल धुवायला छतावर नळ आहे का?

सुक्या कचऱ्यासाठी बाहेर शोधायची गरज नाही. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली ती एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कामातून. विद्यापीठ कचऱ्याच्या प्रश्नात उतरलं तर काय होऊ शकतं याचा हा पुरावा घरातलाच आहे. तरी आज कित्येक आवारांत कचरावेचक बाईला गेटवर अडवतात आणि आत 'शून्य कचरा' विषयावर चर्चासत्र चालतं.

नॅकच्या, म्हणजे विद्यापीठं-कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या, सातव्या निकषात हरित लेखापरीक्षण आलं, त्यामुळे प्रत्येक संस्थेकडे फाईल असते. त्या फाईलमध्ये यंत्राचा फोटो आणि खरेदीची पावती असते. पुढच्या वेळी समितीवर बसलात तर तीन कागद मागा: मेसच्या काट्याची रोजची नोंदवही, कामगारांचा सुट्टीतही भरलेला हजेरीपट, आणि दळणयंत्राची पाती शेवटची कधी धार लावली त्याचं बिल. आणि पुढच्या अर्थसंकल्पात नव्या यंत्राऐवजी एकच ओळ घालून घ्या: ओला कचरा केंद्र, दोन कामगार, बारा महिने, किमान वेतनाने.