हेड काढलंच आहे तर...

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, भाच्याच्या साखरपुड्याला बेळगावला जाताना, अनमोडच्या घाटात आमच्या अँबॅसिडरने वाफ सोडली. मोले मागे टाकून चढण लागल्यापासून तापमानाचा काटा उजवीकडे कलत होता; पण काटा बिघडला असेल असं मी धरून चाललो. या गाडीत जो काटा काही सांगू लागतो तो बिघडलेलाच असतो, असा १९८६ पासूनचा आमचा अनुभव. शेवटी बॉनेटखालून फुसफुस ऐकू आली तेव्हा उतरलो, फडकं धरून रेडिएटरचं झाकण फिरवलं आणि कडेच्या ओहोळातलं गार पाणी कळशीभर ओतलं. आतून 'टक्' असा आवाज आला. फार मोठा नाही, सुपारी फुटावी एवढा.

ती सुपारी मला गणपतीच्या चवथीपर्यंत पुरली.

गाडी दोरीने ओढत फोंड्याला आणली. आमचा मेकॅनिक माझा जुना विद्यार्थी. नववीत मी त्याला बीजगणितात नापास केलं होतं. वर्गात मी त्याला 'अरे गाढवा' म्हणायचो, आता 'मेस्त', म्हणजे मिस्त्री, म्हणतो. तोही माझ्याशी बोलताना शाळेतलं मराठी काढतो, अगदीच गंभीर प्रसंग असला तर कोंकणीवर येतो. त्याने तेलाची पट्टी ओढून माझ्यासमोर धरली. तिच्यावर दूध जास्त झालेला चहा होता. तेलात पाणी.

"तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं का, सर?"

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे?"

"कळशी."

तो काही बोलला नाही. हेड, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण, उतरवल्यावर मात्र बोट ठेवून दाखवलं: दोन व्हॉल्व्हच्या मध्ये केसाएवढी चीर. या गाडीचं हेड बिडाचं, तापलेलं बीड आणि गार पाणी यांचं कधीच जमत नाही, हे त्याने मला ज्या शांतपणे समजावलं त्या शांतपणे मी त्याला एकदाही अवयव पाडायला शिकवले नव्हते. वेल्डिंग टिकणार नाही, दुसरं हेड बघा, असा निकाल लागला.

दुसरं हेड बेळगावच्या भंगारात मिळालं, कुणाच्या तरी निवर्तलेल्या अँबॅसिडरचं. गोणपाटात गुंडाळून ते कदंबच्या बसने आलं. दोघांनी धरून उतरवावं लागलं. हेड बदलायचं, नवं गॅस्केट घालायचं, ११ नट आवळायचे, चार दिवसांत गाडी तयार, असा माझा हिशोब होता. मेस्ताने हेड उलटं करून टॉर्च मारला, नखाने काहीतरी खरवडलं आणि कोंकणीवर आला.

"सर, हेड काडलांच जाल्यार..."

हे वाक्य तो कधीच पुरं करत नाही. माझी सगळी बचत त्या तीन टिंबांत गेली.

हेड काढलंच आहे तर एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह बघू. ते सीटमध्ये खोल बसलेले. का, तर ही इंजिनं शिशाच्या पेट्रोलवर वाढलेली. पेट्रोलमधलं शिसं व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये गादीसारखं राहायचं. २००० साली देशभरातून ते पेट्रोल गेलं, फुप्फुसांचं भलं झालं, पण जुन्या बिडाच्या सीट तेव्हापासून उघड्या पाठीवर मार खातायत. तेव्हा कडक धातूच्या सीट बसवायच्या. त्यासाठी हेड परत बेळगावला, उद्यमबागेत लेथवर. सीट बसवतातच आहेत तर गाइडही बदलू. गाइड बदलले तर जुने व्हॉल्व्ह कशाला? व्हॉल्व्ह नवे तर स्प्रिंगा जुन्या शोभतील का? (लग्नघरात पडदे बदलायला निघालेला माणूस शेवटी फरशी उखडतो, ती चाल नेमकी हीच.) त्या पावसात हेडने चोर्ल्याचा घाट माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिला.

मग व्हॉल्व्ह घासण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. शाळा सुटली की मी गॅरेजात जायचो. एका काठीला रबराची वाटी, ती व्हॉल्व्हला चिकटवायची, कडेला पेस्ट लावायची आणि काठी दोन तळव्यांत धरून ताक घुसळावं तशी फिरवायची. आधी जाडी पेस्ट, मग बारीक. सीटवर सगळीकडून सारखी करड्या रंगाची कडी उमटली पाहिजे. उमटली की वर घासलेट ओतून बघायचं, खाली पाझरतं का. पाझरायचं. परत ताक. आठ व्हॉल्व्ह घासून होईतो माझ्या दोन्ही तळव्यांवरच्या रेषा पुसल्या गेल्या.

त्यानंतर कॉटर. व्हॉल्व्हची स्प्रिंग ज्याच्या जोरावर जागेवर राहते तो नखाएवढा तुकडा. एका व्हॉल्व्हला दोन, म्हणजे एकूण १६. स्प्रिंग दाबून धरायची आणि कॉटर खोबणीत सरकवायचे. चौदावा सरकवताना माझा हात सुटला. 'टिंग' झालं आणि कॉटर नाहीसा झाला. मी, मेस्त, त्याचा पोरगा आणि पाव द्यायला आलेला पोदेर, चौघे टॉर्च घेऊन ओणवे. पोदेराने टोपलीतले पाव एकेक उचलून पाहिले. लोहचुंबक फिरवलं, तर इतकी वर्षं हरवलेले सगळे नट मिळाले, कॉटर सोडून. दुकानात एकटा कॉटर देत नाहीत, जोडीनेच देतात. जोडी घेतली. सोमवारी मंगेशीला गेलो, पाय धुवायला पँटची दुमड सोडली तर फरशीवर खणकन तो. पुढच्या बाईने उचलून, नाणं समजून, देवाच्या पेटीत टाकला. मी मागितला नाही. काय सांगून मागणार?

रॉकर काढल्यावर मेस्ताने रॉकर आर्मच्या टोकावर माझं बोट फिरवलं. जिथे ते व्हॉल्व्हच्या डोक्यावर आपटतं तिथे छोटा खळगा पडलेला. फट मोजायच्या फिलर गेजची पट्टी खळग्यावर पुलासारखी आडवी बसते, गेज १५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) म्हणतं, प्रत्यक्षात फट जास्तच असते. म्हणून टॅपेट, म्हणजे ही फट, कितीही सेट केलं तरी टकटक चालूच. आठ पुशरॉडही त्याने काचेवर लाटण्यासारखे फिरवून पाहिले. सात सुरळीत घरंगळले, आठवा लंगडला. काढताना प्रत्येकाची जागा राखायची, कारण जो ज्याच्याशी झिजला तो त्याचाच. पुठ्ठ्याला भोकं पाडून मी ते ओळीने खोवले होते. पुठ्ठा मागच्या वर्षीच्या उत्तरपत्रिकांचा.

चवथीच्या दोन दिवस आधी हेड बसलं. नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, तेही एका दमात नाही, टप्प्याटप्प्याने आवळले. राहिलं टॅपेट सेटिंग. मी पुढे हँडल मारायला, मेस्त इंजिनावर वाकलेला.

"सोपं आहे, सर. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेला की पहिला सेट करायचा. सातवा दाबला की दुसरा. बेरीज नऊ. मी दाबलेला सांगतो, तुम्ही सेट करायचा सांगा."

मी हँडल मारलं. पावसात, घामाने निथळत, तीस वर्षं गणित शिकवलेला मी.

"तिसरा दाबला, सर. कितवा?"

"सात."

तो वळला. त्या नजरेने मी त्याच्याकडे नववीत वर्षभर पाहिलं होतं.

"णवांतल्यान तीन, सर."

"सहा."

"घाई नका करू. विचार करून सांगा." हे माझंच वाक्य. मी त्यानंतर टेबलावर डस्टर आपटायचो. त्याच्या हातात पाना होता, पण त्याने तो आपटला नाही.

चवथीच्या आदल्या संध्याकाळी चित्रशाळेतून गणपती आणला. दरवर्षीप्रमाणे मागच्या सीटवर, मांडीवर धरून बसायला मुलगा. गाडी अशी चालली की इंजिन चालू आहे का हे बघायला मी दोनदा ॲक्सिलरेटर दाबला. गेटासमोर थांबलो. पाऊस कोसळत होता. घरात दिवे, आरतीची तयारी, ताटात निरांजन पेटवलेलं दिसत होतं. पण गेट उघडायला कुणी येईना. देव गाडीत असताना हॉर्न कसा वाजवायचा म्हणून दहा मिनिटं बसून राहिलो. शेवटी अप्पा छत्री घेऊन वऱ्हांड्यात आले. इतकी वर्षं मी वळणावर असतानाच ते टकटक ऐकून 'आला' म्हणायचे.

"कुणाकडे आलात?" त्यांनी पावसातून विचारलं.