आठव्या दिवसापासून पुढे

गेल्या महिन्यात आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा हेल्मेटसक्तीवरून जुंपली. जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात पोलिसांनी कारवाई सुरू केली तेव्हा जे मुद्दे निघाले होते, तेच आताही निघाले. मान दुखते, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, केस गळतात, गाडी लावल्यावर ते ठेवायचं कुठे. एका मैत्रिणीने लिहिलं, "गावात चाळीसच्या वर गाडी जातच नाही, मरायला कोण बसलंय?" मी उत्तर लिहिलं आणि पुसून टाकलं. तिचा सगळा हिशोब मरण्या-वाचण्याचा होता. मला सांगायचं होतं ते वाचल्यानंतरचं, आणि ते ग्रुपवर चार ओळींत मावण्यासारखं नव्हतं.

इंग्लंडच्या दक्षिण भागात, मेंदूला इजा झालेल्या मुलांच्या एका पुनर्वसन केंद्रात मी मानसशास्त्रज्ञांच्या टीमची प्रमुख आहे. आमच्याकडे येणारी मुलं वाचलेली असतात. कुणाला गाडीने उडवलेलं असतं, कुणी खिडकीतून पडलेलं. कुणाला मेंदूज्वर झालेला असतो, कुणाची गाठ काढलेली असते, कुणी बुडता बुडता वाचलेलं असतं. पक्षाघात लहान मुलांनाही होतो, हे इथल्या आईबापांनाही आधी माहीत नसतं. जन्मापासूनच सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) किंवा अवघड फिट्स असलेली मुलंही येतात.

मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने रस्ते अपघातातल्या जखमींसाठी कॅशलेस उपचारांची योजना लागू केली. अपघात झाल्यापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत. ही योजना मला मनापासून हवीशी वाटते. पैसे भरल्याशिवाय दाखल करून घेत नाहीत म्हणून ताटकळलेली माणसं मी मुंबईत नोकरी करताना पाहिली आहेत. पण बातमी वाचताना माझी नजर 'सात दिवस' या शब्दांवरच अडकली. माझं काम आठव्या दिवसापासून पुढे सुरू होतं, आणि आपल्याकडच्या चर्चेत मला तो आठवा दिवस कुठेच सापडत नाही.

आठवा दिवस कसा असतो ते सांगते. अकरा वर्षांचा एक मुलगा, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. अपघाताला सहा महिने झालेले. चालतो, बोलतो, बाराचा पाढा घडाघडा म्हणतो. बुद्ध्यांक चाचणीत आकडा शंभरच्या आसपास, म्हणजे सरासरीइतका. शाळेत परत जायचं ठरलं म्हणून आम्ही त्याला दप्तर भरायला सांगितलं. डबा, पाण्याची बाटली, खेळाचे कपडे, बूट, वही. सगळं समोर मांडलेलं. त्याने बाटली दप्तरात टाकली. खिडकीबाहेर कुत्रा दिसला, तो बघत बसला. मग बाटली बाहेर काढून पाणी प्यायला आणि ती टेबलावरच राहिली. एक बूट आत गेला. चेन लावली, उघडली, परत लावली. चौदाव्या मिनिटाला दमून म्हणाला, "झालं." आत एक बूट होता. कोपऱ्यात बसलेल्या आईने तोंडावर हात धरला होता.

मग शंभरचा आकडा खोटा का? नाही. चाचणी घेताना खोली शांत असते. समोर बसलेली मानसशास्त्रज्ञ एका वेळी एकच प्रश्न विचारते, थांबते, पुढचं पान उलटते. नियोजन करायचं, लक्ष धरून ठेवायचं, एक सोडून दुसऱ्याकडे वळायचं, हे मेंदूच्या पुढच्या भागाचं काम त्या तासात तीच करत असते. वर्गात तसं करणारं कुणी नसतं.

तरीही आपल्याकडे सगळं त्या आकड्यावरच येऊन थांबतं. मुंबईत असताना माझ्याकडे येणाऱ्या चिठ्ठीवर एवढंच लिहिलेलं असायचं: आयक्यू काढून द्या. त्या चाचण्यांना मी नावं ठेवणार नाही. व्ही. व्ही. कामतांनी १९३०च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी बिनेची चाचणी बसवली, नागपूरच्या डॉ. मालिन यांनी १९६९ मध्ये भारतीय मुलांसाठी वेश्लरची चाचणी तयार केली. या कामांचा मला अभिमान आहे, अजूनही त्यांच्यावरच अपंगत्वाचे कितीतरी दाखले निघतात. पण कालपर्यंत धडधाकट असलेल्या मुलाचं आज काय बिनसलंय, हे शोधायला त्या केलेल्याच नव्हत्या.

हे माझ्या घरातही घडलं. माझ्या मामेभावाची मुलगी दुसरीत असताना स्कूटरवर पुढे उभी होती. गाडी घसरली, तिच्या डोक्याला मार लागला. नऊ दिवस आयसीयूमध्ये होती, मग घरी आली. डिस्चार्जच्या कागदावर होतं: आराम, फिटच्या गोळ्या, एक महिन्याने दाखवणे. शाळेबद्दल एक अक्षर नव्हतं. सगळे म्हणाले, लहान आहे, भरून येईल. तिसरी-चौथी बरी गेली. सहावीपासून वह्या अर्धवट, चिडचिड, दुपारनंतर बाकावर डोकं. शाळेने लिहून दिलं, 'आळशी व उद्धट'. वहिनी दाखल्यासाठी गेल्या तर बुद्ध्यांक ब्याण्णव आला, म्हणून अपंगत्व नाही. त्या रात्री वहिनींचा फोन आला. "ताई, मुलीला काही झालंय हे दाखवायला मी आता कुठला कागद आणू?"

लहान आहे, भरून येईल, हे हाडाच्या बाबतीत बरंचसं खरं आहे. मेंदूच्या बाबतीतही शास्त्रज्ञांनी बरीच वर्षं तसंच मानलं. १९३०च्या दशकात मार्गारेट केनार्ड यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांचा तो आधार होता. पुढे मुलांवर झालेल्या अभ्यासांनी, विशेषतः मेलबर्नच्या व्हिकी अँडरसन यांच्या कामाने, उलटी बाजूही दाखवली. इजा मेंदूभर पसरलेली असेल तर फार लहान वयात ती जास्त महाग पडू शकते, कारण जी कौशल्यं अजून यायची आहेत त्यांचा पायाच हललेला असतो. मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो. म्हणून दुसरीतला मार सहावीत, आठवीत, कधी कॉलेजात उघडा पडतो. तोवर अपघात सगळे विसरलेले असतात, आणि मुलाच्या वागण्याला स्वभाव म्हणायला लागलेले असतात.

आपला २०१६चा दिव्यांग हक्क कायदा चांगला आहे. त्यात सातचे एकवीस प्रकार झाले. सेरेब्रल पाल्सी आहे, स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे. अपघाताने किंवा आजाराने मेंदूला झालेली इजा स्वतःच्या नावाने त्यात नाही. हात-पाय गेला तर एका रकान्यात, बुद्ध्यांक घसरला तर दुसऱ्या. दोन्ही शाबूत आणि तरीही दिवस निभावता येत नाही, असं मूल कुठल्याच रकान्यात बसत नाही. अमेरिकेने १९९० मध्येच शिक्षणाच्या कायद्यात या मुलांसाठी वेगळा प्रकार केला.

इंग्लंडमध्ये सगळं आलबेल आहे असं समजू नका. इथल्या शाळांच्या नोंदीतही या इजेला स्वतंत्र रकाना नाही. विशेष गरजा असलेल्या मुलाच्या शिक्षणाची आणि मदतीची योजना वीस आठवड्यांत तयार झाली पाहिजे असं बंधन आहे, पण ती मुदत सर्रास उलटून जाते आणि आईबाप न्यायाधिकरणापर्यंत भांडत जातात. आमच्या केंद्रातून घरी गेलेल्या मुलाला गावात कुणी मिळेलच याची खात्री मी देऊ शकत नाही. सायकलवर हेल्मेट इथेही कायद्याने सक्तीचं नाही. आणि इथली आई मुलाच्या उशाशी बहुतेक वेळ एकटी असते. आपल्याकडे मावशी डबा आणते, काका रात्रपाळी करतात, आजी पाय चेपत बसते. मूल कोमातून बाहेर येत असताना ओळखीचे आवाज, ओळखीचे हात यांची किंमत मला रोज दिसते. ती माणसं आपल्याकडे आहेत. त्यांना नेमकं काय करायचं, एवढं सांगणारं कुणी नाही.

इथे जे खरोखर वेगळं आहे ते यंत्रांत नाही. दर सोमवारी एका टेबलाभोवती डॉक्टर, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, वाचा उपचारतज्ज्ञ, नर्स, शिक्षिका आणि आम्ही बसतो, आणि मूल शाळेत परत कसं जाईल हे पहिल्या आठवड्यापासून ठरवतो. माझ्या टीममधली कुणीतरी प्रत्यक्ष शाळेत जाते, वर्गशिक्षिकेशी बोलते, भावंडांशी बोलते. टीमची प्रमुख म्हणून माझा निम्मा वेळ माझ्या माणसांना सांभाळण्यात जातो. नवी सहायक मुलगी एका आईला "पूर्वीसारखा होईल का?" या प्रश्नाचं खरं उत्तर देऊन येते आणि माझ्या खोलीत रडते. ठरलेल्या वेळी तिच्यासोबत बसणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. आपल्याकडे शाळेचा एकटा समुपदेशक शेकडो मुलं बघतो, आणि त्याच्यासोबत बसायला कुणीच नसतं.

आपल्याकडे उद्या असं केंद्र जिल्ह्याजिल्ह्यात उभं राहावं असं मी म्हणत नाही. डिस्चार्जच्या कागदावर शाळेसाठी चार ओळी लिहायला पैसे लागत नाहीत. डोक्याला मार लागलेल्या मुलाला दोन वर्षांनी, आणि पुन्हा सातवी-आठवीत बोलावून बघायला फार लागत नाही. आणि नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांना दुचाकीवर हेल्मेट आणि पट्टा हवा, वेग चाळीसच्या आत हवा, हा नियम २०२२ मध्ये आलेलाच आहे. चार वर्षांपुढच्यांना तर हेल्मेट कायद्यानेच लागतं. तो चाळीसचा वेग माझ्या मैत्रिणीला पुरेसा सुरक्षित वाटतो. माझी भाची पडली तेव्हा गाडी भाजीच्या गल्लीत होती.

या डिसेंबरमध्ये सुट्टीवर आले तेव्हा मी तिच्या शाळेसाठी मराठीत एक पान लिहून नेलं. 'ही मुलगी आळशी नाही, तिचा मेंदू लवकर दमतो' इथून सुरुवात. पुढे, एका वेळी एकच सूचना द्या, फळ्यावर लिहून ठेवा, गणिताचा तास सकाळी घ्या, दुपारी वीस मिनिटं डोळे मिटू द्या. वर्गशिक्षिकेने ते पान दोनदा वाचलं. शाळेच्या कागदावर 'उद्धट' याच बाईंनी लिहिलं होतं. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मॅडम, मागच्या वर्षी आठवीत एक मुलगा होता. लहानपणी गच्चीवरून पडलेला. नापास झाला, मग यायचाच बंद झाला. त्याचंही हेच असेल का?"

मी त्याचा पत्ता विचारला. त्या हजेरीपट शोधायला उठल्या.