इंटरव्हलनंतरची झीनत

निवडणुकीवर बोलून बोलून तोंडं आंबली होती. परभणीचं एप्रिलचं ऊन, सहा वाजले तरी कट्ट्याच्या फरशीतून वर येत होतं. बुडाखाली रुमाल घातल्याशिवाय टेकायची सोय नव्हती. तेवढ्यात विक्यानं मोबाईल काढला आणि झीनत अमानचा विषय टाकला. लग्नाआधी पोरापोरींनी एकत्र राहून बघावं असं ती इन्स्टाग्रामवर लिहून बसली, मग मुकेश खन्ना काय, सायरा बानो काय, मुमताज काय, सगळेच तिच्याविरुद्ध बोलले. ते तुम्ही वाचलंच असेल.

गुरुजींनी कप खाली ठेवला. ते कप खाली ठेवतात तेव्हा आम्हाला अजून आठवीचा वर्ग दिसतो.

"जिला स्वतःचं लग्न धड निभावता आलं नाही, तिनं जगाला शिकवू नये. उद्या आपली पोरं तेच करतील."

"कोणासोबत?" विक्या कळवळला. "तीन वर्षं झाली, बायोडाटा घेऊन फिरायलोय. शेती म्हटलं की पोरीचा बाप चहासुद्धा अर्धाच देतोय. लग्नालाच कोणी भेटना, आन् लग्नाआधी राहायला कोण येणार?"

विषय तिथंच संपायचा. पण ऑपरेटर मामू बसलेले होते.

"गुरुजी, मांजरसुंब्याचा घाट कसा हाय ते कोणाला इचारावं? ज्याचा ट्रक तिथं पलटी झालाय त्याला. तुमची तर सायकलच कधी स्टॅंडवरून उतरली नाही." मामूंनी बिडी विझवली. "लग्न निभावलं नाही म्हणता. नवरा, मजहर खान, आजारी पडला तवा इंजेक्शन द्यायला, ड्रेसिंग करायला बाई सोता शिकली. १९९८ला गेला तो. शिकवायचा हक तिला नाही तर कोणाला?"

मामू म्हणजे टॉकीजचे जुने ऑपरेटर. उजवा अंगठा अजून काळपट आहे. दोन कार्बनच्या कांड्या समोरासमोर, मधल्या ठिणगीचा उजेड पडद्यावर. कांडी जळत जाईल तशी चाक फिरवून पुढं सरकवायची. हात जरा थांबला की हिरॉइन अंधारात आणि खालून शिट्ट्या, शिव्या. एवढ्या जवळून झीनत बघितलेला माणूस आमच्या कट्ट्यावर दुसरा नाही, त्यामुळं माझं मत आधीच त्यांच्या बाजूला झुकलेलं असतं, हे कबूल.

"मॉडेल होती हो ती," गुरुजी. "ताजमहाल चहाच्या जाहिरातीत कप धरून उभी राहायची. चहा विकत होती!"

"चहा विकणाऱ्याला हसू नका गुरुजी. कुठल्या कुठं जातो माणूस."

यावर दोन गट वेगवेगळ्या कारणांसाठी हसले.

"१९७०ला मिस एशिया पॅसिफिक झाली," विक्या मोबाईलमधून. "आपल्याकडून पहिलीच."

"आन् तरी पिक्चर पडले," मामू म्हणाले. "'हलचल', 'हंगामा', दोन्ही आपटले. आई जर्मनीवाल्याशी लग्न केलेली. ही बी सामान बांधून त्या जर्मनीवाल्यासंगं देश सोडून निघाली होती…"

"जगात जर्मनी!" बंडू.

"भारतात परभणी!" आम्ही सगळे. हा आमचा रोग आहे, इलाज नाही.

"ऐका की! देव आनंदची बहीण व्हायला नावाजलेल्या हिरॉइनी तयार नव्हत्या. हिनं घेतला रोल. 'हरे रामा हरे कृष्णा'ची हिरॉइन कोण? मुमताज. आन् फिल्मफेअर कोणाला? झीनतला! मी पिक्चर कमी आन् पब्लिक जास्त पाहिलंय. 'दम मारो दम'ला खुर्च्या मोडायची पोरं. तीच पोरं जसबीर, म्हणजे ती बहीण, मेली की गप. बाहेर पडताना कोणी कोणाच्या तोंडाकडं बघायचं नाही. मुमताजला आज राग आला तर जुना हिशोब समजा."

"अ‍ॅक्टिंग येत नव्हतं तिला." गुरुजींचा हा मुद्दा १९७१पासून कायम आहे.

"बरं. राज कपूरला 'सत्यम शिवम सुंदरम'साठी रूपा पाहिजे होती, खेड्यातली, तोंड भाजलेली. ही तर फॅशनवाली. तर ही सोता घागरा-चोळी घालून, अर्ध्या गालावर टिश्यू पेपर डिंकानं चिकटवून त्याच्या दारात जाऊन उभी राहिली. जिचं पोट चेहऱ्यावर, तिनं चेहराच जाळून दाखवला. ह्याला अ‍ॅक्टिंग म्हणत नसतील तर काय म्हणतात, तुमी शिकवा."

गुरुजी उसळले. "मग त्या धबधब्याखाली कशाला उभी केली? तिथं कोण बघत होतं भाजलेला गाल?"

मुद्दा बिनतोड होता. मामूही गप्प झाले. पण बंडू उठून उभा राहिला. पोट सुटलंय, नातू झालाय, तरी हात आठवीतल्यासारखा वर.

"गुरुजी, तुमाला धबधबा कसा ठाऊक?"

सगळ्यांना ती गोष्ट पाठ आहे. शाळा बुडवून बंडू 'सत्यम शिवम सुंदरम'ला गेला. इंटरव्हलला समोश्याच्या गाड्यावर गुरुजींनी पकडलं, दोन कानाखाली दिल्या आणि घरी हाकललं. पोरांना पकडायलाच आलो होतो, असं दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं. पंचेचाळीस वर्षं आम्ही ते खरं मानलं.

"पकडायला?" मामूंना ठसका लागला. "पोरगं गेल्यावर हे परत आत जाऊन बसले की! मी मशीनच्या भोकातून बघायलो होतो. कडेची खुर्ची, डोक्याला मफलर. आन् गर्मीचे दिवस!"

गुरुजींचे कान लाल झाले. "तिकिटाचे पैसे दिले होते मी. वाया घालवायचे का?"

"माझ्या तिकिटाचे कोणी दिले होते?" बंडू ओरडला. विक्या कट्ट्यावरून घसरून खाली बसला होता. झीनत, लिव्ह-इन, संस्कृती, सगळं त्या मफलरात गेलं. चहावाल्यानं पैसे मागितले तेव्हा सगळ्यांनी गुरुजींकडं बोट दाखवलं आणि गुरुजींनी खरंच खिशात हात घातला. हे मात्र पहिल्यांदाच.

बंडू अजून गाल चोळत होता. "टीव्हीवर लागला की हात आपोआप इथं जातो. मी चॅनलच बदलतो. गुरुजी, इंटरव्हलनंतर काय होतं, तेवढं तरी सांगा आता."

गुरुजींनी सुटे पैसे दोनदा मोजले.

"पूर येतो," ते म्हणाले. "लई मोठा."