क्लबात अडकलेली अनामत

क्लब, वाचनालय, तरणतलाव, कुठल्याही संस्थेचा ताळेबंद उघडा. देण्यांच्या बाजूला 'सभासद अनामत' अशी एक ओळ दिसेल. ऑडिटच्या निमित्तानं असे ताळेबंद माझ्या हाताखालून जातात. हॉलच्या भाड्यावर आणि कॅन्टीनच्या ठेक्यावर तासभर भांडणारी वार्षिक सभा या ओळीपाशी मुकाट पान उलटते.

आणि आपल्या खान्देशात ही ओळ फुगणारच. भुसावळला रेल्वे, वरणगावला आयुध निर्माणी, दीपनगरला वीज केंद्र. माणूस बदलीवर येतो, क्लबात नाव घालतो, पोरांना पोहायला धाडतो आणि ऑर्डर निघाली की घाईघाईत बिऱ्हाड हलवतो. शाळेचे दाखले, गॅसचं कार्ड सगळं आठवतं, अनामत राहून जाते. जळगाव-धुळ्याची तऱ्हा वेगळी नाही. पोरं पुण्याला, मागोमाग आईवडीलही पुण्याला, आणि पावती गावच्या घरातल्या कुठल्याशा पिशवीत.

वर्गणीबद्दल माझी तक्रार नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकल्यावर हौसेनं वर्षाची वर्गणी भरली आणि दोनदाच पाण्यात उतरलात, तर ते पैसे गेले. तलाव उघडा होता, तुम्ही गेला नाहीत. प्रवेश फीचंही तेच. पण 'परत मिळण्यायोग्य' म्हणून घेतलेली रक्कम हे संस्थेच्या डोक्यावरचं कर्ज आहे. काही ठिकाणी पावतीवर नुसतं 'सभासदत्व रक्कम' असं मोघम लिहितात. तो मोघमपणा भाबडा असतो असं मला वाटत नाही.

बँकेतली ठेव 10 वर्षं कुणी विचारली नाही, तर ती रिझर्व्ह बँकेच्या 2014 सालच्या निधीत जाते, आणि 2023 पासून 'उद्गम' पोर्टलवर घरबसल्या नाव शोधता येतं. कंपनीचा न उचललेला लाभांश 7 वर्षांनी केंद्राच्या गुंतवणूकदार निधीत जातो, तिथूनही मागता येतो. क्लबच्या अनामतीला असा मुक्कामच नाही. आपले बहुतेक क्लब 1860 चा सोसायटी नोंदणी कायदा आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा 1950 चा कायदा यांखाली नोंदलेले. अमुक वर्षांनी सभासदाला शोधा, नाहीतर पैसे तमुक निधीत भरा, असं त्यांना कुणी सांगत नाही. अमेरिकेत बेवारस मालमत्तेचे कायदे राज्याराज्यांचे आहेत. परत करायची रक्कम ठरावीक वर्षं पडून राहिली, की मालकाला कळवायचं आणि मग ती राज्याकडे जमा करायची. कुठल्या राज्याकडे, हा वाद त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं 1965 मध्ये मिटवला: मालकाचा शेवटचा पत्ता जिथला, त्या राज्याचा हक्क पहिला.

आपल्याकडे सेक्रेटरी काय सांगतात? "तीन वर्षं होऊन गेली भाऊ, मुदत संपली." हे चूक आहे. मागेल तेव्हा परत द्यायची ठेव असेल, तर 1963 च्या मुदत कायद्यात, अनुच्छेद 22 प्रमाणे, तीन वर्षं मोजायची ती मागणी केल्या दिवसापासून. मागितलंच नाही तर मुदत संपेल कुठून? शिवाय मुदत गेली म्हणजे कोर्टाचा दरवाजा बंद झाला, देणं फिटलं नाही. गिरणी कामगारांचा न उचललेला पगार निधीत भरायला लावणारा मुंबई राज्याचा 1953 चा कामगार कल्याण निधी कायदा सर्वोच्च न्यायालयात गेला होता, तेव्हा हेच तत्त्व पुढे आलं. पुढे कायदा दुरुस्त झाला आणि निधी सांभाळणाऱ्या कामगार कल्याण मंडळानं जाहीर नोटीस काढून कामगारांचे दावे मागवायचे अशी सोय झाली. अमळनेरच्या प्रताप मिलमधल्या कामगारासाठी नोटीस काढायची तरतूद होऊ शकते, तर क्लबच्या सभासदानं काय घोडं मारलंय?

हे पैसे उचलून सरकारकडे द्या, असं मात्र मी म्हणणार नाही. पतसंस्थांनी पोळलेल्या आपल्या जिल्ह्यात 'तुमचे पैसे दुसरीकडे सुरक्षित आहेत' या वाक्यावर कोण विश्वास ठेवेल? मला एवढंच हवंय की दरवर्षी अहवालात आणि नोटीस बोर्डावर नावांची यादी लागावी. इथे सगळे सगळ्यांचे पाहुणे. यादीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पडला, की संध्याकाळपर्यंत निम्म्यांचा पत्ता लागेल. वाचनालयाचे शंभर-दोनशे रुपये असतील तर मी स्वतः पुस्तकांसाठी सोडून देईन. पण ते मी सोडायचे, कार्यकारिणीनं परस्पर 'किरकोळ उत्पन्ना'त टाकायचे नाहीत.

ज्यांची अनामत अडकली असेल त्यांनी पावतीची प्रत जोडून स्पीड पोस्टानं मागणी करा आणि पोचपावती जपून ठेवा. पत्र टाकून गप्प मात्र बसू नका, कारण त्या पत्रापासूनच तुमची तीन वर्षं मोजायला लागतील.